वांड आकडा

बाबांचा हात प्रेसमध्ये गेला तेव्हा मी सहावीत होते. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापायचं मशीन. वरून दणका बसतो आणि खाली जे असेल ते कापलं जातं; पत्रा आहे का बोट, ते मशीन बघत नाही. बाबांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ज्या शेडमध्ये ते कामाला होते ती पुढच्या महिन्यात रिकामी झाली, आणि मालक कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. काळेवाडीत पत्र्याची एक खोली, त्यात आम्ही पाच माणसं: आई, बाबा, मी आणि माझ्या पाठचे दोन भाऊ. बाबांना पुढे एका गोडाऊनवर वॉचमनचं काम मिळालं, पण मधले आठ महिने घर चाललं ते आईच्या कातरीवर.

आईने घरी रबराचं काम आणलं होतं. साच्यातून निघालेल्या रबरी वायसरला कडेने पातळ पापुद्रा असतो, तो कातरीने गोल काढून टाकायचा. आमच्याकडे घरोघरी बायका हे काम करतात. तुमच्या गाडीतला एखादा वायसर माझ्या आईच्या हाताखालून गेलेला असेल, सांगता येत नाही.

संध्याकाळी कंत्राटदाराचा माणूस माल न्यायला यायचा. त्याला एकेक मोजत बसायला वेळ नसे. म्हणून वायसर ताटात सारख्या ओळींत मांडून ठेवायचे. आडव्या ओळी मोजल्या, उभ्या मोजल्या, झालं. आई शाळेची पायरी चढली नव्हती. पाढे येत नव्हते. पण ताटात वायसर मांडताना तिची बोटं आपोआप सारख्या ओळी शोधायची. चोवीस असले की सहाच्या चार. पस्तीस असले की सातच्या पाच. कधीकधी मात्र काही केल्या जमायचं नाही. चारच्या ओळी करा, पाचच्या करा, सहाच्या करा, शेवटी एखाददुसरा बाहेर राहायचाच. मग आई कातर खाली ठेवायची आणि म्हणायची, "ह्यो आकडा वांड हाय. कुटंच बसत न्हाई."

वांड म्हणजे कुणाचं न ऐकणारं, व्रात्य पोर. आम्हा भावंडांचा तो खेळच झाला. आईने आकडा सांगायचा, आम्ही ओरडायचं, वांड की शहाणा. सदतीस वांड. एकोणचाळीस शहाणा. एक्क्याण्णववर आम्ही सगळे फसायचो. दिसायला पक्का वांड. आठवीत असताना मी ताटात मांडून दाखवलं की तेराच्या सात ओळी होतात. मी वर्गात पहिली आले असते तरी आई एवढी हरखली नसती. "आगं, ह्ये तर गरीब निघालं!"

आणि बाबा एके दिवशी जेवताना आपले दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "दहाची सात झाली. आता मी बी वांडच की." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की आता रडणार, आणि मग तीच सगळ्यात आधी हसली.

शाळेत गुरुजींनी सांगितलं, या संख्यांना मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही. मी घरी येऊन आईला नाव सांगितलं. ती म्हणाली, "मूळ? बरुबर हाय. ओढलं तरी निघत न्हाई."

दोन्हीकडच्या नात्यात, आजोळी आणि घरी, कॉलेजात गेलेली मी पहिली. सकाळी कॉलेज, दुपारी रबर. विषय घेतला गणित. त्या तीन वर्षांतला एक तास मला आजही फळ्यासकट आठवतो. मॅडमनी दाखवलं की मूळ संख्या कधी संपत नाहीत. तुमच्याकडे आहेत तेवढ्या सगळ्या घ्या, एकमेकींनी गुणा, आणि त्यात एक मिळवा. आता यातल्या कुणीही भागा, बाकी एक उरणारच. म्हणजे कुठेतरी नवी मूळ संख्या असलीच पाहिजे; एक तर हीच, नाही तर हिच्या पोटात दडलेली. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: दोन गुणिले तीन गुणिले पाच गुणिले सात, दोनशे दहा. अधिक एक, दोनशे अकरा. ती स्वतःच मूळ. अकराने भागून बघा, बाकी दोन. तेराने भागा, बाकी तीन. पुढे बघायची गरज नाही, कारण पंधराचा वर्गच दोनशे पंचवीस होतो.

मी धावत घरी आले. "आई, वांड आकडे कधीच संपत नाहीत!"

आई कातर न थांबवता म्हणाली, "म्हंजी माजं काम बी संपायचं न्हाई म्हन की."

बी.एस्सी. झाले. सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याच्या शेजारी लागलं. गल्लीत सगळे विचारायचे, आता बँकेत का? बँकेत नाही, मी लागले भोसरीत एका गिअर कापणाऱ्या वर्कशॉपमध्ये, चलनं लिहायला. पुढे ऑफिसची काचेची खोली, मागे मशीनं. सहा महिन्यांत मी काचेच्या आत कमी आणि मशीनांपाशी जास्त दिसायला लागले.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे. गोल चकतीवर सारख्या अंतरावर दात पाडायचे, झालं गिअर. करताना कळतं. एक भाकरी घ्या आणि तिचे आठ सारखे भाग करा, कुणीही करील. आता सात करा. हात थांबतो ना? आमच्या वर्कशॉपला त्यासाठी एक जुनं उपकरण होतं, डिव्हायडिंग हेड. त्याचं हँडल चाळीस वेळा फिरवलं की चकती एकदा पूर्ण फिरते. चाळीस दात हवे असतील तर प्रत्येक दाताला हँडलचा एक फेरा. वीस हवे तर दोन. जास्त दात हवे असतील तर फेऱ्याचा तुकडा घ्यायचा, आणि तो तुकडा बरोबर घेता यावा म्हणून हँडलमागे भोकांची एक प्लेट असते. समजा दोनशे दहा दात पाहिजेत. चाळीस भागिले दोनशे दहा म्हणजे चार भागिले एकवीस. एकवीस भोकांचं वर्तुळ शोधायचं आणि दर वेळी चार भोकं पुढे जायचं. गिऱ्हाइकाला वाटतं जादू आहे. जादू नाही, भागाकार आहे.

गिऱ्हाइकं एकेक येत. एकाने कागदावर लिहून आणलं होतं, "दात अंदाजे साठ." दुसरे खेडकडचे एक काका, पिठाच्या गिरणीचं गिअर करून घ्यायला आलेले. आम्ही म्हटलं चव्वेचाळीस दात. काका म्हणाले, "पंचेचाळीस करा की. एखादा तुटला तर वरचा असू द्या." त्यांना समजावता समजावता बबन मिस्त्रींचा चहा गार झाला.

बबन मिस्त्री म्हणजे आमच्या त्या डिव्हायडिंग हेडचे धनी. चाकणजवळच्या गावचे, शिक्षण चौथी, आणि तीस वर्षं त्या हँडलवर हात. भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला होता: किती दात, कोणतं वर्तुळ, किती भोकं. त्याचा खालचा अर्धा भाग केव्हाच फाटून गेला होता, पण तो मिस्त्रींना पाठ होता. जो आकडा तक्त्यावर नाही तो मिस्त्रींच्या लेखी जगात नव्हता. कुणी एकशे सत्तावीस दात मागितले की ते गिअर हातात घेऊन दोनदा फिरवत आणि परत देत. "ह्यो नंबर व्हत न्हाई. दुसरीकडं दावा." माणूस मुकाट्याने निघून जायचा.

मी त्यांना मूळ संख्या म्हणजे काय ते सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाव तुजं, पण दुखनं माजं हाय."

तर दिवाळीला महिना असताना, एका सोमवारी, युनूसभाई आले. काळेवाडीत त्यांचा मिठाईचे खोके बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब खोली, एक जुनं मशीन आणि खोके दुमडणाऱ्या आठ बायका. मशीन त्यांनी कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीतून उचललेलं. त्यांनी आमच्या टेबलावर गुलाबजामचा एक खोका ठेवला. मिस्त्रींनी खूश होऊन उघडला तर आत दोन तुकडे झालेलं गिअर, नाश्त्याच्या ताटलीएवढं, बारीक दातांचं, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. सोबत त्याच्या जोडीचं छोटं गिअर, तीस दातांचं.

"ताई, या शनिवारपर्यंत मशीन फिरली नाही तर हलवाई दुसरीकडे जातील," युनूसभाई म्हणाले. "एकदा गेलेला हलवाई परत येत नाही. या आठ जणींना मी काय सांगू? दिवाळीनंतर या म्हणू?"

मोठ्या कंपन्यांत ते आधीच जाऊन आले होते. तिथे संगणकावर चालणारी मशीनं आहेत, पण दिवाळीच्या तोंडावर एका नगासाठी सेटिंग मोडायला कुणी तयार नव्हतं.

मिस्त्रींनी दोन्ही तुकडे जुळवले, खडूने खूण केली आणि दात मोजले. "दोनशे धा. चार भोकं, एकवीसचं वर्तुळ. बुधवारी घिऊन जावा."

सगळं संपल्यात जमा होतं. पण मी ते तुकडे हातात घेतले आणि माझ्या बोटाला काहीतरी लागलं. गिअरला एका जागी जुनं वेल्डिंग होतं. पूर्वी कधीतरी तिथे तुटलं होतं, कुणीतरी बीड भरून कानशीने पाच दात घासून बसवले होते. आणि ते पाच दात शेजारच्यांपेक्षा जाड होते. थोडेच, पण जाड.

"युनूसभाई, हे वेल्डिंग कुणी केलं?"

"माझ्या भाच्याने. तेव्हा नवीन नवीन शिकला होता." ते जरा ओशाळले. "तेव्हापासून मशीन टक् करते. दर फेऱ्याला एक टक्. मला वाटलं, म्हातारी झाली."

पाच जाड दात बसलेत तिथे सहा सडपातळ दात होते की काय? मग मुळात हे गिअर दोनशे अकराचं. माझ्या डोळ्यांसमोर मॅडमचा फळा आला. मी म्हटलं, "मिस्त्री, हे दोनशे अकरा आहे."

"कोन शाना दोनशे अकरा दात करंल?" मिस्त्री चिडले. "दोनशे धा सोडून? तुज्या कालेजात करत असतील."

इथे वाद जिंकायची हौस नव्हती. बिडाची योग्य मापाची एकच चकती आमच्याकडे शिल्लक होती. दोनशे दहा दातांना ती दोनशे बारा मिलिमीटर व्यासाची करावी लागणार, दोनशे अकराला दोनशे तेरा. एकदा खरवडलेलं लोखंड परत चिकटत नाही. आणि दुसरी चकती ओतून यायला दिवाळी उलटली असती.

मी छोटं गिअर उचललं. त्याचा एक दात कोपऱ्यात टवका उडालेला होता. ती फुटकी कड मोठ्या गिअरच्या ज्या दातावर बसेल तिथे ओरखडा काढणार. मी मोठं गिअर उजेडात धरलं. घरच्या वेल्डिंगचे पाच सोडले तर प्रत्येक दातावर ओरखडा होता. पुसट, जुना, पण प्रत्येकावर.

"मिस्त्री, हे बघा. दोनशे दहाला तीसने भाग जातो, बरोबर सात वेळा. म्हणजे हा टवक्याचा दात फिरून फिरून त्याच सात दातांवर येणार. बाकीच्यांना कधी शिवणारच नाही. मग सगळ्यांवर ओरखडा आला कुठून? दोनशे अकरा असेल तरच. दोनशे अकरा वांड आहे. दर फेऱ्याला तो एक दात पुढे सरकतो, आणि होता होता सगळ्यांना भेटतो. बनवणाऱ्याने मुद्दाम तसं केलंय. मार एकावर पडू नये, सगळ्यांनी वाटून घ्यावा म्हणून."

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग नखाने एकेक दात चाचपत निघाले. मध्येच थांबले. "ह्यो खोल हाय." खडूची टिकली लावली. पुढे मोजत गेले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. "ह्यो बी खोल." आणखी तीस. "ह्यो बी." असे सहा खोल ओरखडे सापडले, बरोबर तीस-तीसच्या अंतरावर. सातवा जिथे असायला हवा होता, गिअर नेमकं तिथेच मोडलं होतं.

मिस्त्री स्टुलावर बसले. "म्हंजी आदी दोनशे अकरा व्हतं. तवा सगळ्यांनी थोडं थोडं सोसलं. भाच्यानं एक दात खाल्ला, अन् तवापासनं ह्या सातांनीच मार खाल्ला."

"मी त्याला फोन करून सांगतो," युनूसभाई म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मानलं, पोरी. दोनशे अकरा. पर त्ये व्हत न्हाई ना."

आता माझी लाज सांगते. त्या डिव्हायडिंग हेडसोबत एक लाकडी पेटी आली होती. आत बारा सुटी गिअरं आणि एक इंग्रजी पुस्तिका. तिरके दात कापायचे असले की मिस्त्री ती गिअरं वापरत. पुस्तिका कुणी उघडली नव्हती, कारण कुणाला ती वाचता येत नव्हती. मला येत होती. आणि मी तीन वर्षं त्या पेटीवर पाय ठेवून चलनं लिहीत बसले होते. तेलकट आहे, आपलं काम नाही, म्हणून. त्या सोमवारी दुपारी ती पुस्तिका पहिल्यांदा उघडली, आणि बाराव्या पानावर माझा वांड आकडा कसा पकडायचा ते लिहिलेलं होतं.

युक्ती अशी. दोनशे अकराचं वर्तुळ नाही ना? मग दोनशे दहा आहेत असंच समजून चार भोकं जायचं. पण ती भोकांची प्लेट मोकळी सोडायची आणि सुट्या गिअरांनी चकतीच्या दांड्याला जोडायची, म्हणजे चकती फिरेल तशी प्लेट हळूहळू उलटी सरकेल. तुम्ही जिना चढताय आणि जिनाच हळूहळू खाली घसरतोय असं समजा. वर पोचायला पायऱ्या जास्त लागणार. किती जास्त, ते मधल्या गिअरांवर. मी गणित केलं: चकतीच्या एका फेऱ्यात प्लेट चार भागिले एकवीस फेरा मागे यायला हवी, म्हणजे नेमकी एक पायरी. चोवीस, बहात्तर, बत्तीस आणि छप्पन्न दातांची गिअरं लावली की बरोबर एकच पायरी जास्त लागते. ना कमी, ना अधिक.

पेटीत छप्पन्नचं गिअर नव्हतं. शोधाशोध झाली. ते चहाच्या पातेल्याखाली सापडलं, कित्येक वर्षं पातेलं टेकवायला वापरत होते.

मंगळवारी सकाळी मिस्त्रींनी चकती दोनशे तेरावर खरवडली. पण कापण्याआधी पत्र्याच्या एका चकतीवर नुसत्या रेघा मारून बघायचं ठरलं. मोजणीत चूक नको म्हणून मी घरून आईचा जुना डबा आणला होता, रिजेक्ट वायसरचा. एका ताटात दोनशे अकरा वायसर मांडले: पंधराच्या चौदा ओळी, आणि बाजूला एक. एक रेघ मारली की एक वायसर दुसऱ्या ताटात.

दुपारी दोनच्या सुमाराला मिस्त्री थांबले. कटर पहिल्या रेघेवर येऊन उभा होता. ताटात अजून दोन वायसर होते.

दोनशे नऊ.

मी परत मोजले. गणित परत केलं. गणित बरोबर होतं. ताटातले ते दोन वायसर माझ्याकडे बघत होते.

"बीएस्सीबाई," मिस्त्री म्हणाले, "भाच्यानं एकच खाल्ला व्हता. तुमी दोन खाल्ले."

मिस्त्रींनी हँडल थोडं फिरवलं, वाकून प्लेटकडे बघितलं, परत फिरवलं. मग एकदम हसायलाच लागले. "आगं, प्लेट उलटी फिरायला पायजे म्हनलीस ना? ही तर हँडलच्या संगटच चाललीया. जावई कुठाय?"

जावई हा मिस्त्रींचा शब्द. दोन गिअरांच्या मध्ये एक तिसरं बसवतात; त्याचे दात किती आहेत याला काही महत्त्व नसतं, हिशेबात ते धरतच नाहीत. नुसतं मध्ये बसतं, पण ते बसलं की पुढच्याची फिरायची दिशा उलटी होते. मिस्त्री म्हणत, जावयासारखं. काम काही नाही, पण घरातली सगळी दिशा बदलते. मी हिशेबात नसलेलं गिअर हिशेबात नाही म्हणून विसरले होते. प्लेट उलट्याऐवजी सुलट फिरली, पायरी वाढायच्या ऐवजी कमी झाली, आणि दोनशे अकराच्या जागी दोनशे नऊ आले. चूकसुद्धा किती तंतोतंत! आता हसू येतं. दोनशे नऊ तर वांडही नाही, अकरा गुणिले एकोणीस.

मिस्त्रींनी चाळीसचं एक गिअर मध्ये बसवलं. "घे. जावई आला, आता पाहुणचार कर." पत्र्याच्या दुसऱ्या चकतीवर परत रेघा. संध्याकाळी साडेपाचला कटर पहिल्या रेघेवर आला तेव्हा ताट रिकामं होतं.

खरी चकती बुधवारीच कापायची होती, कारण गुरुवारी आमच्या भागात लाइट नसते. सकाळी आठला सुरू केलं. हँडलवर मिस्त्री, वायसरवर मी. नियम ठरले: ओळ पुरी झाल्याशिवाय चहा नाही, बोलणं नाही, आणि हँडल भोकाच्या पुढे गेलं तर तसंच मागे आणायचं नाही, अर्धा फेरा मागे जाऊन परत पुढूनच यायचं, नाही तर आतला ढिलेपणा दात वाकडा करतो. मिस्त्री आकडा म्हणायचे, मी वायसर सरकवायचे. नव्व्याण्णव. शंभर. एकशे एक.

एकशे सदतिसाव्याला युनूसभाई आत आले. "कितना हुआ? मी म्हटलं जाता जाता..."

"गप!" आम्ही दोघे एकदम ओरडलो. ते दारातच, तोंडावर हात ठेवून, दीड तास उभे राहिले.

साडेचारला ताटात एकच वायसर उरला. चौदा ओळी संपल्या होत्या, आणि बाजूला मांडलेला तो एकटा. मिस्त्रींनी मला खूण केली. "ह्यो तू घे."

मी हँडल धरलं. चार भोकं पुढे. पिन बसली. कटर चालला, बिडाची काळी भुकटी उडाली, आणि शेवटची फट पडली. आता खरी परीक्षा: शेवटची फट आणि पहिली फट यांच्यामध्ये जे उरलं ते दाताएवढं आहे का? सगळी चूक साचते ती इथे. मिस्त्रींनी दाताची जाडी मोजायला व्हर्नियर लावलं. शेजारच्या दाताला लावलं. समोरच्या बाजूच्या एका दाताला लावलं. मग व्हर्नियर माझ्या हातात दिलं. सगळे सारखे.

"वांड बसला," मिस्त्री म्हणाले. त्यांनी ताटातला तो शेवटचा वायसर उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. थोड्या वेळाने, हात पुसता पुसता, म्हणाले, "तीस वर्सं मी लोकान्ला माघारी लावलं गं. व्हत व्हतं की." पुढच्या आठवड्यात आम्ही दोघांनी भिंतीवरचा फाटलेला तक्ता रंगाने खाली वाढवला, एकशे सत्तावीसपासून. एकशे सत्तावीस त्यांनी स्वतः लिहिला.

शुक्रवारी काळेवाडीत गिअर बसवलं. आईला मी मुद्दाम घेऊन गेले होते. युनूसभाईंनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला. आठही बायका हातातले खोके तसेच धरून कान लावून बसल्या. काहीच आवाज नाही. एक जण घाबरून म्हणाली, "बंद पडली वाटतं?"

"चालू आहे," युनूसभाई म्हणाले. "टक् गेली." आणि मशीनमधून खोक्यांचे पुठ्ठे पडायला लागले, एकामागून एक.

आई वाकून त्या फिरणाऱ्या चाकाकडे बघत होती. "ह्यातला त्यो वांड कुठला गं? बाजूला ऱ्हायलेला?"

"आता ओळखू येत नाही आई. सगळे सारखे आहेत."

तिने जरा विचार केला. "म्हंजी वळीत मांडला तर वांड. गोलात बसवला की कुनीच वांड न्हाई."

मी तीन वर्षं कॉलेजात गणित शिकले, पण हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

आता मी चाकणला एका मोठ्या कंपनीत गिअरच्या प्लॅनिंगला आहे. तिथल्या मशीनवर दोनशे अकरा टाइप केलं की ते दोनशे अकरा कापतं. त्याला वांड कळत नाही आणि शहाणाही कळत नाही. धाकटा भाऊ हिंजवडीला संगणकावर काम करतो. तो सांगतो, ताई, आमच्या मूळ संख्या शेकडो अंकी असतात, त्यांच्यावर फोनची कुलपं चालतात, तुझं दोनशे अकरा म्हणजे अगदीच तान्हं बाळ. असेल. मी त्याला म्हणते, तुझा एक आकडा माझ्या हातात आणून दे, मी त्याचे दात मोजते.

बबन मिस्त्री गावी असतात. मोतीबिंदू झालाय, पण बोटाने अजून दात मोजतात. युनूसभाईंच्या खोलीतल्या बायका आता बारा झाल्यात. मशीन तेच आहे.

माझी आई शाळेत गेली नाही. बबन मिस्त्री चौथीपर्यंत गेले. मी गणितात बी.एस्सी. झाले. आम्ही तिघांनी मिळून दोनशे अकरा दातांचं एक गिअर केलं. त्यात एकही दात जास्त नाही आणि एकही कमी नाही, आणि ते आजही फिरतंय.